काट्यावर साठ

वणीत नासिरच्या रागाला कोणी मोजत नाही, कारण तो छप्पन्न किलोंच्या माणसाचा राग आहे. नासिरला राग येतो तो याचाच.

चंद्रपूर रोडवर त्याचं ट्रकच्या पंक्चरचं दुकान आहे. दुकानामागच्या बंद शेडमध्ये गाद्या टाकून तो मिक्स मार्शल आर्ट शिकला. ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकाच जाळीत. सत्तावन्न किलोंच्या गटात विदर्भात त्याला कितीतरी वर्षांत कोणी हरवलेलं नाही. गावकरी हे कौतुकानं ऐकतात आणि विचारतात, "अन् मोठ्या गटात?" जिथे कोळसा, कापूस आणि पुढारी टनावारी मोजले जातात, तिथे माणसाचं मोठेपण वेगळ्या मापानं कोण मोजणार?

यंदा नागपूरच्या लढतींच्या मोठ्या शोमध्ये सत्तावन्न किलोंच्या गटात वणीला एक जागा मिळाली. ती भरण्याचा अधिकार फुलचंदभाऊ राठोडांकडे आला. भाऊंचे पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालत. भाऊ कोळसा लादतात आणि खुर्चीतून उठत नाहीत. शिवाय रस्त्यापलीकडचा ट्रक तोलायचा काटा त्यांचा आहे, त्यामुळे गावात न्यायही तेच देतात.

जागा नासिरची, हे उघड होतं. म्हणूनच भाऊंनी लढत लावली: नासिर विरुद्ध लखन. लखन त्यांच्या कोळसा डेपोवरचा हमाल, खांदे दाराएवढे.

"भाऊ, तो माह्या गटातला नाई," नासिर म्हणाला.

"गट-बिट कायले पाह्यजे बे? ज्यानं पाडलं तो मोठा."

"मंग ट्रकखाली द्या मले. ट्रक मोठा म्हणा."

भाऊ हसले. "बरं, तुह्या मनासारखं. वजन करू. काट्यावर."

वणीत या वाक्यानंतर कोणी बोलत नाही. काट्याच्या आकड्यावर इथे भावाभावांची भांडणं मिटली आहेत. अडचण एवढीच, की हा काटा कोळशाच्या ट्रकांसाठी आहे आणि वीस-वीस किलोंनी बोलतो. पन्नासच्या वर आणि सत्तरच्या आत जे काही असेल, त्याला तो साठ म्हणतो.

नासिर त्या लोखंडी पाटावर एकटा उभा राहिला. खोलीतून काटेवाला ओरडला, "साठ!"

लखन चढला. "साठ!"

"झालं ना समाधान?" भाऊ म्हणाले. "दोघंही सारखे. तीन किलो उतरवले की नागपूर."

"तीन किलो तर एका जुलाबात जाते," लखन म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. जन्मात दुसऱ्या कुठल्या काट्यावर तो चढलाच नव्हता.

नासिर दुकानात गेला आणि आईला हाताला धरून घेऊन आला. जैबुनबी नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढतात.

"काय करून राह्यला रे? माहे घुटने दुखते."

"अम्मी, बस एक मिनट उभी राह्य."

"साठ!" काटेवाला ओरडला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"भाऊ, अम्मीबी साठ," नासिर म्हणाला. "लावा लखनसंगं. जिंकली तर तिले पाठवा नागपूरले."

लोक पोट धरून हसले. जैबुनबीही हसल्या, आणि उतरताना लखनला म्हणाल्या, "सोडणार नाई हां तुले." भाऊ तेवढे हसले नाहीत. "काटा खोटं बोलत नाई," ते म्हणाले. "लढाचं नसन तर तसं सांग."

या वाक्याला वणीत एकच उत्तर असतं. नासिर लढला.

पहिल्या राउंडमध्ये त्यानं लखनला इतकं फिरवलं, की बिचारा जाळीलाच ठोसे मारत होता. दुसऱ्यात लखननं त्याला एकदाच धरलं, खाली आपटलं आणि वर बसला. युक्ती काही नव्हती. पोतं पडलं की पडलेलं राहतं, तसा तो बसला. नासिरनं दोनदा मान सोडवली. तिसऱ्यांदा त्याच्यात दम नव्हता.

"नासिर चांगला हाये," त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागला, "पण मोठा नाई."

त्या दिवसापासून नासिरनं वजन सांभाळणं सोडलं. जैबुनबी खूश झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरगा परत वाढ म्हणत होता. महिन्याभरात शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तो त्रेसष्ट भरला.

मग नागपूरहून भाऊंचा फोन आला. नासिर पुलाव खात होता.

"अबे, इथं लखन अडुसष्ट भरला! काहीतरी गडबड हाये या लोकायच्या काट्यात. लंघन केलं, घाम काढला, पोरगं भोवळ येऊन पडलं. तू आत्ताच्या आत्ता नीघ. संध्याकाळपर्यंत वजन घेतो म्हणते. जागा तुहीच होती, मी काय नाई म्हनलो का कधी?"

नासिरनं ताट बाजूला सारलं. जी जागा त्यानं इतकी वर्षं उपाशी राहून कमावली होती, ती आता मिळत होती, आणि सहा किलो संध्याकाळपर्यंत उतरत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो उठला, उष्ट्या हातानं फोन धरून रस्ता ओलांडून गेला आणि काट्याच्या मधोमध उभा राहिला.

"भाऊले सांग रे किती ते!" तो काटेवाल्यावर ओरडला. "जोरात!"

"साठ!"

"ऐकलं ना, भाऊ? साठ. तीनच किलो."

"थट्टा करतं का बे नासिर? तू खरा किती हायेस?"

"काटा खोटं बोलते का, भाऊ?"

त्यानं फोन बंद केला. मागे कोळशानं भरलेला ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग लांब हॉर्न दिला, मग खिडकीतून आईवरून शिवी दिली.

नासिर काट्यावरून उतरला नाही.