एक पीस कमी

खोटं बोलण्याच्या बाबतीत आमच्या थोरल्या साडूंइतका नालायक माणूस उभ्या तासगाव तालुक्यात सापडणार नाही. नालायक हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. त्यांना खोटं बोलायचं नसतं असं नाही, जमत नाही. आधी कान लाल होतात, मग शब्द अडकतात, आणि शेवटी नको तेवढं खरं बाहेर पडतं. एकदा त्यांच्या पुतणीला बघायला मिरजेची मंडळी आली होती. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "स्वयंपाक येतो ना मुलीला?" आम्ही सगळे छताकडे बघू लागलो, पण बाईंनी नेमकं साडूंकडे बघितलं. "भाकरी करपवती," साडू म्हणाले, "पर करपल्याली सवताच खाती, दुसऱ्याला वाढत न्हाई." लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी. बेदाण्याचा व्यापारी नमुना बघायला आला की आक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, काहीतरी निमित्त काढून त्यांना मळ्यात पिटाळतात. न विचारता "खालच्या थरात जरा काळपट हाय" असं सांगणारा मालक बघून व्यापाऱ्यालाच संशय येतो.

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन त्यांना पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी घरात काही घडलं की ते आक्कांपुढे टाचा जुळवून रिपोर्ट देतात. म्हैस व्याली तरी रिपोर्ट, दूध उतू गेलं तरी रिपोर्ट, आणि ते त्यांच्याच हातून उतू गेलेलं असलं तरी आवाजात फरक नाही. पहाटे उठून ते आधी कोंबड्याला उठवतात. तो त्यांच्यानंतर आरवतो, याबद्दल त्याला रोज बोलणी बसतात.

हा कोंबडा साधा नव्हता, नवसाचा होता. तीन वर्षांपूर्वी द्राक्षबागेवर पाखरांसाठी जाळी बांधताना साडू शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. सांगलीला ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालतील का, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. तेव्हा आक्कांनी माळावरच्या म्हसोबाला शब्द दिला, "माणूस आपल्या पायानं तुझ्या पायरीला आला, तर जत्रंला कोंबडा दीन." आणि अंगणातलं एक पिल्लू त्याच दिवशी देवाच्या नावानं बाजूला काढलं. देवाचं ते धड असावं, तुऱ्यापासून शेपटापर्यंत कुठं कमी नको, म्हणून त्याला खायलाही वेगळं. साडू वॉकर घेऊन अंगणात चालायला शिकले ते या पिल्लाबरोबर. ते दोन पावलं पुढं जायचं, थांबायचं, मान वाकडी करून मागं बघायचं. साडू म्हणायचे, "आलो रं." वर्षभरात पिल्लाचा कोंबडा झाला आणि साडूंचा वॉकर सुटून हातात काठी आली. म्हणजे म्हसोबानं आपलं काम चोख केलं होतं, आता आमची पाळी होती. मी रश्श्याचा भोक्ता आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या कोंबड्याकडे मी वर्षभर त्याच नजरेनं बघत होतो.

जत्रेला आठ दिवस उरले आणि शेजारच्या कुत्र्यानं कोंबड्याचं शेपूट धरलं. जीव वाचला, पण काही पिसं मुळासकट गेली आणि बरीचशी मधेच मोडली. आक्कांनी निकाल दिला, "मोडकं देवाला चालत न्हाई. शेपूट येऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. आवं, डाक्टरीणबाईंना दावून तरी आणा." मी सांगलीहून स्कूटर घेऊन गेलोच होतो. भाजीच्या पिशवीत कोंबडा घालून साडू मागं बसले आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण आणि उत्साही होत्या. त्यांनी कोंबडा उलटा धरून आम्हाला शेपटाचं बूड दाखवलं. पीस जिथं रुजतं तिथं कातडीत बारीक खोबण असते, म्हणाल्या. तिच्या तळाशी मूळ पेशी असतात, स्टेम सेल. पीस मुळासकट गेलं की त्या जाग्या होतात आणि नवं पीस घडवायला घेतात. पण पीस मोडून नुसता खुंट राहिला, तर त्यांना पत्ताच लागत नाही. खुंट पडेपर्यंत त्या स्वस्थ असतात.

"म्हंजे रिझर्व्हची पलटण," साडू म्हणाले. "जवान जखमी झाला, पर जागा सोडून हटला न्हाई, तर मागनं बदली येत न्हाई."

"अगदी तसंच. खुंट उपटून देऊ का? दोन महिन्यांत शेपूट तयार."

"आन न्हाई उपटलं तर?"

"मग पावसाळा सरताना पिसं झडतात, तेव्हा येईल आपोआप."

"येईलच का?"

"येणारच काका. काही काळजी करू नका."

साडूंनी कोंबडा काढून घेतला आणि खुंटांसकट पिशवीत ठेवला. शेपूट कसं येईल हे विचारायला हा माणूस आलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. घरी जाऊन त्यांनी आक्कांना रिपोर्ट दिला. खोबण, मूळ पेशी, खुंट, पावसाळा, काही गाळलं नाही. "मंग उपटलं का न्हाई?" आक्कांनी विचारलं. "दुखंल त्याला," साडू म्हणाले. कान लाल झाले नाहीत, त्या अर्थी तेही खरंच होतं.

पावसाळा सरला आणि रिझर्व्हची पलटण कामाला लागली. खुंट गळाले, त्या जागी निळसर कोंब फुटले. ही बातमी दडवणं साडूंना शक्य नव्हतं. रोज सकाळी ते आक्कांपुढे उभे राहून सांगत, "दोन नवी हायत," "आज आनिक तीन." मयताचा निरोप सांगावा तसा आवाज. दिवाळीत मी गेलो तर शेपूट आधीपेक्षा दुप्पट देखणं, उन्हात हिरवं-काळं चमकत होतं. साडू त्याला ज्वारी टाकताना म्हणत होते, "येवडी घाई कशाला रं गड्या?" मला रश्श्याची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

गेल्या चैत्रात जत्रा भरली. म्हसोबाच्या देवळापाशी पाव्हणे जमले, वाटण तयार झालं, चुलीवर मोठं भांडं चढलं. साडूंनी स्वतः कोंबडा आणून आक्कांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आक्कांनी त्याच्या शेपटावरून सावकाश हात फिरवला, पीस न् पीस चाचपलं.

"एक पीस कमी हाय," त्या म्हणाल्या. "मोडकं देवाला चालत न्हाई."

"कुटं कमी हाय, आक्का?" त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. "शेपूट पाक भुईला टेकलंय."

"मोजलंय मी," आक्का म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बघितलं. "आवं, तुमीच सांगा. एक कमी हाय का न्हाई?"

त्या शेपटातलं प्रत्येक पीस या माणसानं स्वतः मोजून रिपोर्ट केलं होतं. साडू वळले. टाचा जुळवल्या. कान लाल झाले, मग मान लाल झाली, तोंड दोनदा उघडून मिटलं.

"व्हय," ते म्हणाले. "एक कमी हाय."

इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. पंचवीस-तीस माणसं होती, सगळ्यांना कळलं. आक्का नारळ घेऊन पायरीवर गेल्या आणि बराच वेळ डोकं टेकून राहिल्या. त्या म्हसोबाला काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. वाटण वांग्यात घातलं, आणि आम्ही सगळे जेवलो.

हल्ली साडूंचं चालणं पुन्हा मंदावलंय. कोंबडाही जड झालाय, पण दोन पावलं पुढं जाऊन मागं बघायची खोड काही गेलेली नाही. फरक इतकाच, आता तो जरा जास्त वेळ थांबतो. त्या दोघांना अंगणात बघितलं की मला उगाचच वाटतं, अजून काही चैत्र तरी असंच चालू दे. यंदाची जत्रा पंधरा दिवसांवर आलीय. परवा आक्कांचा फोन आला होता, "पाव्हणं, येताना कृष्णाकाठची वांगी आणा. चांगली पिशवीभर आणा."