कानातलं बर्फाचं पाणी

शेषराव ठवकर जमिनीवरच्या माणसांना जरा कमीच लेखायचे. सोळा वर्षं ते भिलाईच्या कारखान्यात पन्नास फुटांवरच्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवत होते. आकड्याला लॅडल, म्हणजे वितळलेल्या पोलादाची खोलीएवढी बादली. कुणाला चक्कर आली असं ऐकलं की ते म्हणायचे, "जेवला नसन." विषय तिथेच संपायचा.

खाली उभं राहून खुणा करायला भय्याजी होता. शेडमध्ये आवाज एवढा की तोंडाने बोलणं फुकट. सगळा कारभार हातावर चाले. वरच्याने खालच्याच्या हातावर भरवसा ठेवायचा आणि खालच्याने वरच्याच्या डोळ्यांवर.

ब्याऐंशी साली शेषरावांना टीबी झाला. तीन महिने रोज एक सुई घेतली आणि छाती ठणठणीत झाली. पण त्यानंतर रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारायला लागल्या. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीची भिंत धरावी लागे. बायको, कांता, काही न विचारता टॉवेल घेऊन मागे उभी राहायला लागली. क्रेन धावताना भय्याजीचा हात असा नाचे की बोटं दोन की तीन, कळेना. शेषरावांनी त्यावर तोड काढली. क्रेन थांबवायची, डोकं मागच्या पत्र्याला टेकवायचं आणि मग खाली बघायचं. फोरमन म्हणाला, ठवकर आजकाल फार जपून चालवतात. ती शाबासकी त्यांनी निमूट खिशात घातली. अशक्तपणा आहे, जाईल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. क्रेन सुटली तर आपल्याला कोण विचारणार, याची भीती त्यांना होती. ती मात्र कुणाला दिसू दिली नाही.

चौऱ्याऐंशी साली नागपूरहून डॉक्टर कमलिनीबाई संशोधनाला आल्या. उंचीवर काम करणाऱ्यांचा तोल इतरांपेक्षा वेगळा असतो का, हे त्यांना तपासायचं होतं. तोल सांभाळणारा अवयव कानात अगदी आत असतो. कानात गार पाणी सोडलं की तो फसतो, सगळं गरगरतं आणि डोळे आपोआप झटके देतात. ते झटके बाई मोजायच्या. क्रेनवाल्यांनी याची लगेच शर्यत केली: ज्याला चक्कर येणार नाही तो पास. दुसऱ्या क्रेनवरचा देवानंद खाटेवरच ओकला, आणि आठवडाभर त्याची धिंड निघाली.

शेषराव झोकात आडवे झाले. डोळ्यांचे झटके नीट दिसावेत म्हणून बाईंनी त्यांना जाड भिंगांचा चष्मा चढवला आणि कानात पाणी सोडलं. काही झालं नाही. दुसऱ्या कानातही नाही. मग गरम पाणी, शेवटी बर्फाचं. कान ठणकला, एवढंच. छत जागच्या जागी होतं.

"पास ना, मॅडम?"

बाई घड्याळ हातात धरून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. "उद्या परत या," म्हणाल्या.

शेषरावांनी सुपेल्याच्या बाजारातून पेढे घेतले. कांताने देवापुढे ठेवले आणि विचारलं, "चक्कर येत नाई, तं मंग साबण लावल्यावर भिंत कावून धरता?"

"त्याचा काय संबंध?" शेषराव म्हणाले आणि पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी, कधी कसल्या सुया घेतल्या होत्या का, ते विचारलं. मग म्हणाल्या, "शेषराव, चक्कर यायलाच हवी होती. देवानंदचे कान चांगले आहेत. तुमचे दोन्ही काहीच सांगत नाहीत. डोकं हललं की नजर जागेवर धरून ठेवायचं काम त्यांचं. टीबीच्या सुयांनी छाती वाचवली, पण कानातलं हे त्यांनीच मारलं."

"गेलं ते परत येईन?"

"नाही. डोळ्यांवर आणि पायांवर निभवावं लागेल. माझ्या वहीत तुम्ही फक्त अकरा नंबर आहात. नाव बाहेर सांगणार नाही, असं मी लिहून दिलंय. पण क्रेनवर चढू नका. कारखान्यात हे तुमचं तुम्हीच सांगा."

शेषरावांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाट बघत बसले, पण काहीच वाटलं नाही. सायकल हातात धरून ते दुपारच्या पाळीला चालत गेले.

क्रेनच्या शिडीपाशी भय्याजी हेल्मेट बांधत होता. कांताने त्याच्यासाठी डब्यात पेढे दिले होते. शेषरावांनी डबा पुढे केला.

"पास झालास म्हणे," भय्याजीने पेढा तोंडात टाकला.

शेषरावांनी शिडीला हात लावला. रोजच्यासारखा तो वर सरकला नाही. नंबर अकरा म्हणून गप्प राहता आलं असतं. वर कुणी विचारायला येणार नव्हतं.

"भय्याजी, क्रेन चालत असली की मले तुहा हात दिसत नाई. नुसता नाचते."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

भय्याजीचा पेढा तोंडातच राहिला. त्याने मान वर करून लॅडल ज्या वाटेने जाते ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग आपला हात पाहिला.

"मी तं रोज खाली उभा होतो," तो म्हणाला.