ट्राउटच्या नदीत कणकेच्या गोळ्या

एप्रिलच्या शेवटी मुक्ताचा फोन आला. "बाबा, नदी परफेक्ट आहे. या वीकेंडला ये ना. मी तुझं लायसन्सपण काढलंय."

मुक्ता माझी मुलगी. अमेरिकेतच जन्मलेली, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला खोटी माशी बांधून मासे धरण्याचा, तिला तीन वर्षांपासून नाद आहे. जूनमध्ये ती नोकरीसाठी पार पश्चिमेला, मोंटानाला निघाली आहे. आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मासे धरायला माझ्या नावाचा परवाना निघाला हे ऐकून सुनंदा, माझी बायको, हसत सुटली. "आता काय करणार, माळकरीबुवा?"

मी 'येतो' म्हणालो. रॉड हातात धरणार नाही, हे मात्र फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. तिच्या आवडीच्या गोष्टीसाठी तिने मला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

शुक्रवारी पहाटे पाचला कॅरीच्या आमच्या घरून निघालो. वाटेतले थांबे धरून आठेक तास लागतात. व्हर्जिनियात आय-८१ महामार्गावर ट्रक फार, उजव्या लेनमध्ये निवांत चालवावं. गंमत म्हणजे, उत्तरेला जावं तसा वसंत मागे जातो. कॅरीत झाडं हिरवीगार होती, आणि हॅरिसबर्ग ओलांडून डोंगरात शिरलो तर फांद्यांना नुकते कुठे कोंब दिसत होते. दुपारी एका रेस्ट एरियात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावाच. मोटेल साधं पण स्वच्छ मिळालं. मे महिन्यातला पदवीदानाचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा खोली मिळत नाही.

आता नदीबद्दल. इकडच्या काही नद्यांना चुनखडीच्या खडकातल्या झऱ्यांचं पाणी असतं, त्यामुळे त्या बारमाही गार राहतात. आम्ही गेलो तेव्हा दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. पाणी मांडीपर्यंत, हिरवट, तरी तळाचे दगड दिसतील इतकं नितळ. मुक्ताच्या थर्मामीटरवर बावन्न फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम अकरा सेल्सिअस. ट्राउट मासे जे किडे खायला पृष्ठभागावर येतात ते दुपारी दोनच्या सुमारास पाण्यातून वर येतात, म्हणून सकाळी घाई करण्यात अर्थ नाही. दगड शेवाळलेले असतात. हातात काठी हवी. नदीच्या त्या टापूत नियम असा की फक्त खोटी माशी वापरायची, आणि मासा लगेच सोडून द्यायचा.

हा नियम मला थोडा उशिरा कळला.

आमच्या गावी देवळाखाली नदीचा एक डोह आहे. तिथले मासे देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, उलट येणारा-जाणारा कणकेच्या गोळ्या टाकतो. शनिवारी सकाळी मोटेलच्या खोलीत मी घरून आणलेली कणीक मळली. नदीवर पोचल्यावर मुक्ता गाडीपाशी वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, चढवत होती. तोवर मी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि मूठभर गोळ्या सोडल्या.

"हे, सर! नो, नो!" वरच्या अंगाला पाण्यात उभे असलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ ओरडले.

मुक्ता धावत आली. "बाबा! काय टाकलंस?"

"कणीक. पहिल्यांदाच आलो ना त्यांच्या दारी."

"इट्स इल्लीगल! इथे खायला टाकणं अलाउड नाहीये. फाइन होतो!" तिचे कान लाल झाले होते. मग त्या गृहस्थांकडे वळून, "सॉरी, इट्स डो. माय डॅड फीड्स देम. इट्स अ रिलिजस थिंग."

त्यांनी वाहत चाललेल्या गोळ्यांकडे पाहिलं. एकही मासा वर आला नव्हता. "वेल," ते म्हणाले, "दे आर नॉट व्हेरी रिलिजस."

मी माफी मागितली, उरलेली कणीक खिशात टाकली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मुक्ता, मी रॉड धरणार नाही."

"पण आपण खात नाही, बाबा. सोडून देतो."

"तेच मला कळत नाही. गावचे भोई पोटासाठी धरायचे. खायचं नाही, तर त्याच्या तोंडात गळ कशाला?"

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. "आणि कणीक? ती तू त्यांच्यासाठी टाकलीस की तुझ्यासाठी?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. ती पाण्यात उतरली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

दोन तास मी काठावर बसून होतो. ती दगड उलटून खालचे किडे बघे, डबीतून तशीच माशी निवडे, दोर अलगद पाण्यावर ठेवी. चुकलं की पुन्हा. इतक्या शांतपणे मी जपालाही बसत नाही. दोनच्या पुढे खरंच तपकिरी माश्या तरंगू लागल्या आणि पाण्यावर वर्तुळं उमटली.

एकाएकी तिचा रॉड वाकला. मासा काठाकडच्या मुळांमध्ये घुसू पाहत होता आणि तिची जाळी माझ्याजवळ राहिली होती. "बाबा, नेट! पटकन!"

मी बूट-पँटसकट पाण्यात शिरलो. गारठ्याने श्वासच अडकला. मासा जाळीत आला.

"हात ओले कर आधी! कोरड्या हाताने त्याची स्किन जाते. गळ तू काढ."

गळाला उलटा काटा नव्हता, चिमटीत धरताच निघाला. सोनेरी अंग, त्यावर लाल ठिपके. तोंड प्रवाहाकडे करून मी त्याला पाण्यात धरलं.

"सोड आता."

"थांब, दम लागलाय त्याला."

कल्ल्यांची उघडझाप संथ झाली, आणि तो आपणहून गेला.

"मला वाटलं तू ओरडशील," मुक्ता म्हणाली.

"ओरडणारच होतो. पण आधी गळ निघायला हवा होता ना."

ती हसली. संध्याकाळपर्यंत तिने आणखी तीन धरले. तिन्हींचे गळ मी काढले.

रविवारी रात्री कॅरीला परतलो. सुनंदाने विचारलं, "मग, केली का मासेमारी?" मी जसं घडलं तसं सांगितलं. भजनाच्या मंडळींनाही सांगितलं. दोघे-तिघे हसले, एका काकांना ते आवडलं नाही. मलाही हा खेळ अजून पटलेला नाही, आणि तसं मी मुक्ताला सांगितलं आहे. तिच्या कणकेच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही.

परवा तिचा फोन आला. मोंटानाला जायच्या आधी एकदा येऊन जा म्हणाली. माझ्यासाठी तिने लांब दांड्याची जाळी घेतली आहे.