काट्यावरची नजर

रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे बॉयलर सांभाळला. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी लोक त्यांना बॉयलरवाले काकाच म्हणत. नाव सुटले नव्हते आणि सवयही. दर अर्ध्या तासाने दाबाच्या काट्याकडे पाहायचे आणि काटा हलला की हात हलवायचा. इतक्या वर्षांत एकही अपघात झाला नाही, कारण त्यांच्या हाताने कधी उशीर केला नाही.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीने समजावले होते, "बाबा, सगळं बँकेत ठेवलंत तर महागाई कुरतडून खाईल. तुम्हा दोघांना अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीयत. निम्मे म्युच्युअल फंडात राहू देत, आणि मग विसरून जा."

विसरून जा म्हणता म्हणता तिनेच फोनवर ते अ‍ॅप घालून दिले. त्यातला हिरवा-लाल आकडा पाहून काकांना हायसे वाटले. चला, काटा मिळाला.

तिसऱ्या महिन्यात आकडा घसरू लागला. तीन दिवस फोन जेवताना ताटाशेजारी होता. चौथ्या दिवशी काकांनी फंडाचा तिसरा हिस्सा विकून टाकला, झडप उघडून वाफ सोडावी तसा. त्या दुपारी त्यांचा छान डोळा लागला. पुढे आकडा सावरला, पहिल्यापेक्षाही वर चढला; विकलेल्या हिश्श्याचे पैसे मात्र होते तेवढेच राहिले. हे त्यांनी ना बायकोला सांगितले, ना मुलीला.

आता पुन्हा घसरण सुरू होती. आज अकरावा दिवस. काका दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होते. अंगठा 'विका'च्या चौकोनाभोवती घुटमळत होता. या वेळी उरलेले सगळेच विकावे, असे मनाने घेतले होते.

बायको शर्टाला बटण लावत बसली होती. "अहो, तो फोन काय दूध आहे, उतू जाईल म्हणून नजर ठेवायला?"

"उतू कुठलं जातंय? आटतंय."

"मग गॅस बंद करा."

काका थबकले. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासे झाले की नवा माणूस घाबरून गार पाणी सोडायला धावतो, आणि तापल्या पत्र्यावर ते पाणी पडले की बॉयलर फुटतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दरडावून सांगितले होते: आधी आग बंद कर, पाण्याच्या नळाला शिवू नकोस, हात मागे बांधून उभा राहा. त्यांच्यावर तशी वेळ दोनदा आली होती. ते तास सरता सरले नव्हते.

पण बॉयलर त्यांना आवाजावरून कळायचा. या आकड्याला आवाजच नव्हता.

तरी त्यांनी मुलीला फोन लावला. "घराच्या रंगकामासाठी फंडातून पैसे काढणार होतो ना, ते राहू दे. आकडा सावरेपर्यंत तिथून काहीच काढायचं नाही. आणि एक सांगायचं राहिलंय. मागच्या घसरणीत मी तिसरा हिस्सा विकला."

पलीकडून मुलगी उसळली, "बाबा! मला एक फोन करायचा होतात."

"हात आधी चालला गं."

बायकोची सुई थांबली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या दातांचं 'बघू पुढच्या महिन्यात' चाललं होतं ते यापायी?"

काकांना मान वर करवेना. "दात याच महिन्यात. बँकेतल्या पैशातून." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हा तुझ्याकडे ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

"आणि तुमचे हात कुठे ठेवणार?"

काका खुर्चीत जाऊन बसले. अर्धा तास झाला. नजर घड्याळाकडे गेली, हात खिशाकडे. खिसा रिकामा होता. काका उठले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले, आणि पुन्हा दारापासून खिडकीपर्यंत चालू लागले.