पाण्याची सुट्टी

पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या माणसाकडे ट्रॉफ्या जमोत न जमोत, किस्से मात्र जमतातच. मी वणीला एका शाळेत पी.टी. शिकवतो आणि पोरांचा एक संघ चालवतो. कपाटात एकच ढाल आहे, तीही उपविजेतेपदाची. पण किस्से विचारा! चहा गार होईल, ते संपणार नाहीत.

यातले बहुतेक किस्से एका भीतीतून निघालेत, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या एका गावात प्रॅक्टिस करता करता एक पोरगा उन्हात पडला, तो उठलाच नाही. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण तोवर मीही पोरांना एप्रिलच्या उन्हात, दुपारी चार वाजता, पळवत होतो. ठरवलं, आपल्या मैदानावर हे होऊ द्यायचं नाही.

*

प्रज्वल हा आमचा फॉरवर्ड. राजूरचा. पाय तुटले तरी थांबणार नाही असा. एक दिवस त्याची आई मैदानावर येऊन उभी राहिली.

"सर, उन्हाळ्यात दहा वाजले का आमी औत सोडतो. बैल सावलीत बांधतो, पाणी दाखवतो. तुमी या पोरायले काहून पयवून राह्यले?"

मी छाती फुगवून म्हणालो, "ताई, त्यानं स्टॅमिना वाढतो."

"मंग बैलाचा काहून नाही वाढत?"

शारीरिक शिक्षणाची पदवी आहे माझ्याकडे. तिच्यात बैलांचा अभ्यासक्रम नव्हता! दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला सुरू झाली.

*

मग आली पाण्याची सुट्टी. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांनी सावलीत यायचं आणि पाणी प्यायचं. तहान असो नसो.

आमच्या क्लबचे अध्यक्ष भाऊसाहेब याच्या ठार विरोधात. ते त्यांच्या काळातले फुलबॅक. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि गरजायचे, "आमच्या वक्ती दोन-दोन घंटे थेंबभर पाणी नोयतं! पाण्यानं खेळाडू नाजूक होते!"

हे सांगता सांगता स्वतः मात्र दोन बाटल्या संपवायचे. वर मैदानाबाहेरच्या रसवंतीतून उसाचा रस.

एकदा प्रज्वलनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भाऊसाहेब, तवाचा अनुशेष भरून काढून राह्यले काय?"

विदर्भाचा माणूस अनुशेष म्हटलं की हळवा होतो. भाऊसाहेबांनी तिसरी बाटली उघडली.

*

घाम किती जातो ते कळावं म्हणून वजन करायचं ठरलं. प्रॅक्टिसच्या आधी एकदा, नंतर एकदा. जेवढं घटलं तेवढं पाणी गेलं. काटा आणला बबनरावांनी. हे बाजारात कापूस मोजणारे मापारी, हयात काट्यामागे गेलेली.

पहिल्याच दिवशी सगळी पोरं अडीच-तीन किलोंनी घटली! गोलकीपर तर तासभर खांबाला टेकून उभा होता, तोही दोन किलोंनी कमी!

मी प्रत्येकाला समोर बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पोरं नको नको म्हणत होती. शेवटी अख्खा संघ भिंतीमागे ओळीनं उभा. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मी काट्यावर स्वतः डोळा ठेवला, तर काटा दाखवत होता एक आणि बबनराव सांगत होते भलतंच.

"बबनराव, दोन किलो कमी काहून सांगता?"

"सर, पोरं घामानं वल्ली हायेत न! वल्ल्या मालाच्या वजनात कट तं धराच लागते!"

*

गावातल्या दवाखान्यातले डॉक्टर एकदा मैदानावर येऊन म्हणाले, चक्कर, छातीत दुखणं, काहीही झालं तर पोरांनी लगेच सांगायला हवं. पण संघातून काढतील म्हणून पोरं लपवतात. मी जाहीर केलं, "जो सांगेल त्याला काढणार नाही, उलट सावलीत बसवीन."

दुसऱ्या दिवशी अकरातल्या दहा जणांना एकदम चक्कर! त्या दिवशी मैदानाला दहा फेऱ्या होत्या.

चक्कर आली नाही ती एकट्या प्रज्वलला. मी हसलो खरा, पण मनात प्रज्वलच खुपत राहिला. न सांगणाऱ्याचीच धास्ती जास्त.

*

आणि तो दिवस आला मे महिन्यातल्या एका रविवारी. चूक माझी. भाऊसाहेबांनी स्पर्धेआधी भाषण ठोकलं, ते साडेसातपर्यंत चाललं. मी प्रॅक्टिस रद्द करायला हवी होती, केली नाही.

साडेआठला प्रज्वल बॉल घेऊन आपल्याच गोलकडे पळायला लागला. कॅप्टन आकाश ओरडला, "अबे, तिकडं कुठं?" प्रज्वलनं त्याला शिवी दिली, दोन पावलं झोकांड्या खाल्ल्या आणि पडला. अंग तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं: आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. कडेला गुरांचं सिमेंटचं टाकं होतं, त्यात त्याला गळ्यापर्यंत बुडवलं. आकाशनं रसवंतीतून बर्फाची अख्खी लादी खांद्यावर आणून आत फोडली. डोकं मी धरून ठेवलं होतं. त्या मिनिटांत मी किती देव आठवले, सांगता येणार नाही.

अंग निवल्यावर ऑटोत घालून दवाखाना. त्याची आई धावत आली आणि दाराशी उभी राहिली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, पण मेंदूला झळ बसलीय का ते बघायला हवं. ते प्रज्वलवर वाकले.

"नाव काय तुझं?"

"प्रज्वल."

"आज वार कोणता?"

"रविवार."

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण? ओळखतोस?"

प्रज्वलनं डोळे किलकिले करून मला नीट पाहिलं. म्हणाला, "पाणपोई."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. आईनं तोंडाला पदर लावला. "अजून भ्रम आहे," डॉक्टर नर्सला म्हणाले, "यवतमाळला हलवावं लागेल."

तेवढ्यात मागून आकाश पुढे आला. मान खाली, नजर माझ्या बुटांवर.

"डॉक्टरसाहेब, भ्रम नाही. सरचं आमच्यातलं नाव बरोबर सांगतलं त्यानं."