बॅट टाक!

पनवेलच्या कॉलेजात मी बेसबॉल शिकवला, पण माझा घसा बसवला तो क्रिकेटने. पोरं गल्लीत क्रिकेट खेळून आलेली. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पहिल्या बेसकडे पळायचं असतं. ही पोरं बॅट घेऊनच सुटायची, वर क्रीझ असल्यासारखी ती बेसवर टेकवायची. मी कडेला उभा राहून बोंबलायचो, "बॅट टाक, गाढवा!" जासईचा एक धिप्पाड गडी एकदा हिरमुसून म्हणाला, "सर, हात रिकामा लागतो. धावायला जमत नाय." मी त्याला मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या.

मी निवृत्त झालो त्या दिवशी जुनी पोरं मैदानावर जमली. आता चांगलं पोट सुटलेल्या त्याच गड्याने माझ्या हातात बॅट दिली आणि स्वतः चेंडू टाकला. फटका झकास बसला. धापा टाकत मी पहिल्या बेसवर पोचलो, तर सगळी पोरं हसत ओरडत होती, "सर, बॅट टाका!"

बॅट माझ्या हातातच होती. ती घ्यायला तो जासईचा गडी पुढे आला.

"राहू दे रे जरा," मी म्हणालो. "हात रिकामा लागेल."