चपला घालताना सांगितलेलं दुखणं

असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, दाराशी बसणाऱ्याच्या अंगावर ते धुळीसारखे चढत जातात. पनवेलला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी नंबर देते. माझी खुर्ची दारापाशी, समोर पेशंटच्या चपला. शाळेने मला शिकवलं नाही, वाचायला माझी मी शिकले, म्हणून कुणाला भीत नाही. एका कोड्याने मात्र मला छळलंय. दुखणं माणसाला कळतं कधी, आणि डॉक्टरला तो सांगतो कधी?

*

उलव्याहून एक इंजिनियर आला. शिंका येतात, मोबाइलमध्ये वाचलं, मेंदूचंही असू शकतं म्हणे. किती शिंका? दोन.

मी म्हटलं, "बाळा, तिसरी येऊ दे, मग नंबर देते."

डॉक्टरांनी आतून ऐकलं आणि मलाच झापलं. "आजी, लवकर येणाऱ्याला हाकलू नका. उशिरा येणारे पुष्कळ आहेत."

*

त्यातलाच एक, न्हावा शेव्याचा ट्रेलर ड्रायव्हर. ट्रेलर हायवेला उभा करून आलेला, खोकून बेजार. त्याला फक्त सिरप हवं होतं. खोकला कधीपासून विचारलं, तर म्हणाला, पोरगी झाली तेव्हापासून.

"पोरगी केवढी?"

"शाळेत जाते."

*

दोन जावा आल्या. थोरलीला संधिवात, गोळ्या तिच्या. धाकटीही त्याच खात होती.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय होतंय?

"मला काही नाही. पण घरात आम्ही सगळं सारखं वाटून घेतो!"

*

शेजारच्या मास्तरांच्या छातीत सकाळीच कळ आली. मास्तर आधी दाढीला बसले. मग अंघोळ, मग इस्त्रीचा शर्ट. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तस्सं हॉस्पिटलात धाडलं. वाचले.

मी भेटायला गेले तेव्हा विचारलंच, कळ येत असताना दाढी कसली करता?

"चारचौघांत जायचं तर नीट नको का?"

बायको मोसंबं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चौघेच आले असते न्यायला."

*

उरणचा एक नाखवा बायकोचे गुडघे दाखवायला आला. आत बायकोच बोलली. निघताना चपला घालायला वाकला, तर उजवा पाय चपलेत जाईना. मी बघतेय म्हटल्यावर हळूच म्हणाला, "सकालपासून हातातला घास पन पडतंय."

मी डॉक्टरांना हाक मारली. ते अनवाणीच बाहेर आले, त्याला हात वर करायला लावला आणि स्वतःच्या गाडीत घातलं. गाडीत बसवताना विचारलं, आत का नाही बोललात?

"नंबर तिचा होता ना."

वेळेत हॉस्पिटलात पोचला म्हणून लकव्यातून निभावला. पुढे दोघं पुन्हा आली. या वेळी नंबर नाखव्याचा. हात तपासला, पाय तपासला, सगळं ठीक. डॉक्टर त्याला सोडायला चपलांपर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. आणखी काही सांगायचंय?

"नाय," तो हसला.

बायकोचा एक पाय चपलेत, एक बाहेर. ती खालीच बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मना पन इचारा की."